आषाढातली गाडी

कोंडाबाईने एकदा नाही म्हटलं की हैदराबादेतल्या विद्यानगरच्या त्या घरात पुढे कोणी काही बोलत नसे. मुलाच्या निरोप समारंभाला येणार ना, असं सुनेने विचारलं तेव्हा अंथरुणावरची चादर हाताने सारखी करत ती म्हणाली, “येईन की. पण शिरपतीच्या गाडीत बसून येईन. रिक्षात न्हाई, भाड्याच्या मोटारीत न्हाई. गाडी आली तर येईन, नाहीतर तुम्ही जाऊन या.”

संध्याकाळी केसरने हे नवऱ्याला सांगितलं. श्रीपती तेव्हा बूट काढत होता. एक बूट हातात धरून तो तसाच बसून राहिला.

हा नुसता म्हातारीचा हट्ट नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. ज्या साली श्रीपती जन्मला त्याच साली जुन्या हैदराबाद राज्याची वाटणी झाली. कोंडाबाईचं माहेर नांदेडकडचं. ते सीमेपलीकडे गेलं, आणि ती काखेत पोर घेऊन इकडेच राहिली, कारण नवरा इथे नामपल्लीच्या एका सरकारी कार्यालयात शिपाई होता. तो नोकरीतच वारला. त्याच्या जागी श्रीपती लागला आणि चढत चढत सुपरिंटेंडेंट झाला. त्या कार्यालयाच्या आत कोंडाबाईने कधी पाऊल टाकलं नव्हतं. आता पुन्हा राज्याची वाटणी झाली होती, आणि कार्यालयाचीही चालली होती. टेबलं, फायली, पंखे, माणसं. जुलैअखेरच्या गुरुवारी श्रीपती निवृत्त होणार होता, आणि त्यानंतर निम्मे लोक पलीकडच्या राज्यात जाणार होते. सगळे एका छपराखाली असण्याचा तो बहुधा शेवटचाच प्रसंग.

गाडी त्याने मेमध्येच ठरवली होती. नुकतीच बाजारात आलेली, मधल्या आकाराची सेडान. कोंडाबाईच्या भाषेत डिकीची लांब गाडी. आयुष्यभर स्कूटर चालवलेल्या माणसाने निवृत्तीच्या तोंडावर ड्रायव्हिंग शिकावं यावर गल्लीत बरंच हसून झालं होतं. पण त्याचा हिशेब साधा होता: मागच्या सीटवर आईला पाय लांब करता यावेत, आणि थंड हवा मागेपर्यंत यावी. जाहिरातीतल्या चित्रात मागे हवेच्या जाळ्या दिसत होत्या. बुकिंग झाल्यावर कळलं की त्या जाळ्या फक्त वरच्या मॉडेलला. वरचं मॉडेल घ्यायचं तर सीट कव्हर, चटया आणि विमा शोरूममधूनच घ्यायचा. चालवून बघायला गाडी मिळाली ती पेट्रोलची. त्याने सांगितली होती डिझेलची. ती कशी चालते हे विचारलं तर शोरूमचा पोरगेला सेल्समन यादगिरी म्हणे, सार, यापेक्षा चांगली. रंग राखाडी हवा होता. राखाडीला वेळ लागेल म्हणाले. पांढरा चालेल म्हटलं तर पांढऱ्याला फार मागणी आहे म्हणाले. जूनमध्ये नवं राज्य झालं आणि नवंच कारण निघालं: नंबरच्या पाटीवर नव्या राज्याची कोणती अक्षरं येणार हे ठरेपर्यंत नंबर देणं बंद. अक्षरं ठरली, तरी गाडी आली नाही.

आणि मग फोन येणंच थांबलं.

श्रीपती रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत मोबाईल डब्याशेजारी ठेवून जेवू लागला. स्वतःहून फोन करायला त्याला जड जाई. दोनदा केला, तेव्हा यादगिरी अतिशय अदबीने, नावापुढे तेलुगू मानाचं गारु लावून बोलला: “श्रीपतीरावगारु, तुमचं काम माझ्यावर सोडा.” त्या अदबीनेच त्याची काळजी वाढली. ज्यांचं काम करायचं नसतं त्यांच्याशी लोक असंच गोड बोलतात, हे त्याने नोकरीत टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलं होतं.

जून संपता संपता मुकुंदराव देशमुखांची गाडी आली. मुकुंदराव त्याच कार्यालयातले, चिक्कडपल्लीला राहणारे, आणि त्यांनी तीच गाडी श्रीपतीनंतर दोन आठवड्यांनी बुक केली होती. हार घातलेली राखाडी गाडी त्यांनी आवारात आणून उभी केली, सगळ्या शाखांना पेढे वाटले, आणि पुठ्ठ्याच्या भल्यामोठ्या चावीसोबत शोरूममध्ये काढलेला फोटो मोबाईलवर दाखवत फिरले.

“हनवते, तुमची कुठे अडकली?” त्यांनी पेढ्याचा बॉक्स पुढे करत विचारलं. “असं शाळेतल्या पोरासारखं बसून मिळते होय गाडी? रोज जाऊन डोकं खावं लागतं.”

“येईल की,” श्रीपती म्हणाला.

“येईल, येईल. आता आषाढ लागतोय. इथले लोक आषाढम फार कडक पाळतात, महिनाभर नवी वस्तू घेत नाहीत. आता तुमची थेट श्रावणात.”

पेढा तोंडात तसाच राहिला. नंतर बुक केलेल्याला आधी. आपल्याला विचारलंसुद्धा नाही. याचं जे कारण त्याला सुचलं ते जुन्या सवयीने सुचलं. दुखऱ्या दातावर जीभ जावी तसं मन तिथेच गेलं. अर्जाबरोबर त्याने जातीचा दाखला काही जोडला नव्हता. पण ओळखपत्राची प्रत दिली होती, पत्ता दिला होता, आणि शोधणाऱ्याला शोधता येतं. हे त्याने केसरला सांगितलं नाही. केसरला ते न सांगताच कळलं, कारण त्या दिवशी त्याने भाकरी न कुस्करता नुसती तुकडे करून ठेवली.

“जाऊन विचारा ना,” ती म्हणाली. “फार तर काय होईल?”

“काय होईल ते ऐकायचंच नाही मला.”

“मग आत्याबाईंना तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार.”

आषाढ लागला. कोंडाबाईने ठेवणीतली पांढरी साडी धुऊन, घडी घालून उशाशी ठेवली आणि गाडीचं नाव काढणं बंद केलं. तिचं ते न विचारणंच श्रीपतीला सोसेना. एका शनिवारी तो अर्धी रजा टाकून शोरूममध्ये गेला.

शोरूम रिकामं होतं. काचेपलीकडच्या मोकळ्या जागेत मात्र गाड्याच गाड्या उभ्या होत्या, तीच सेडान, राखाडी, पांढरी, तांबडी, सगळ्या अंगावर धूळ आणि सीटांवर प्लास्टिक घेऊन. एवढ्या आहेत, आणि आपल्याला एक नाही.

यादगिरी लगबगीने उठला. खुर्ची पुसली, चहा सांगितला. श्रीपतीने वाक्य घोकून आणलं होतं, ते त्याने म्हणून टाकलं: माझ्यानंतरच्या माणसाला गाडी मिळाली, मला का नाही, एवढंच सांगा.

यादगिरीचा चेहरा उजळला. जणू आपल्या कामाचं कुणीतरी कौतुक करतंय. त्याने सांगितलं ते असं, की जूनअखेर जी राखाडी गाडी आली ती श्रीपतीचीच होती. पण अमावास्या जवळ होती, आणि सारसारख्या माणसाला असल्या दिवशी गाडी कशी द्यायची, म्हणून त्यानेच ती थांबवली. त्या मुकुंदराव सारना घाई होती, आषाढ लागायच्या आत कशीही द्या म्हणाले. त्यांना देऊन टाकली. श्रीपतीसाठी त्याने श्रावणातला पहिला शुक्रवार धरून ठेवला होता. त्या दिवसासाठी लोक भांडतात. सकाळची पहिली वेळ, पुजारीसुद्धा सांगून ठेवला होता.

श्रावणातला पहिला शुक्रवार म्हणजे एक ऑगस्ट. निरोप समारंभ त्याच्या आदल्या दिवशी.

“मला विचारलं का नाहीत?” श्रीपतीने विचारलं. त्याचा आवाज चढला नाही, उलट खालीच गेला.

“आपकू क्या पूछना सार? राव लोगां आषाढम में गाड़ी लेते क्या? इतना तो मालूम मेरेकू.”

तेव्हा कुठे श्रीपतीच्या ध्यानात आलं. गावाकडे बरोबरीचे, ओळखीचे एकमेकांना जे राव लावतात, ते त्याच्या शाळेतल्या एका तेलुगू मास्तरांनी दाखल्यावर लिहून टाकलं होतं, आणि हनवते आकसून पुढचं एक अक्षर झालं होतं: एच. श्रीपतीराव. इकडे राव म्हणजे मोठी जात, जमीनजुमल्याची. तेव्हापासून अनोळखी लोक त्याला उठून खुर्ची देत आले होते. त्याने कधी मागितली नव्हती. नाकारलीही नव्हती. आणि आता त्याच खुर्चीवर बसवून त्याची गाडी अडवली गेली होती.

तो सांगू शकला असता की घाई आहे, म्हणून आषाढातही चालेल. मुकुंदरावांनी अमावास्या चालवून घेतलीच होती. हे वाक्य त्याच्या तोंडाशी आलंही. पलीकडच्या टेबलावर मॅनेजर बसला होता, एक नवराबायको जाहिरातीची पानं उलटत होते. उशाशी ठेवलेली साडी त्याच्या डोळ्यांपुढे आली.

“हमारे में आषाढम-श्रावणम कुछ नहीं है,” तो म्हणाला. “मैं वो राव नहीं हूँ. हनवते. हम लोगां बुद्धिस्ट हैं.”

पानं उलटणं थांबलं, असं त्याला वाटलं. कदाचित थांबलं नसेलही. यादगिरीने त्याच्याकडे पाहिलं, मग खाली टेबलाकडे, आणि म्हणाला, “ठीक है सार. आत्ता घ्या. कोणती पण घ्या.”

खरोखरच कोणतीही मिळत होती. आषाढात गाडी मागणारं गिऱ्हाईक त्यांना बहुतेक पहिलंच भेटलं असावं. श्रीपतीने धुळीतली एक राखाडी दाखवली.

पुढच्या बुधवारी ती हातात आली. कागदपत्रं झाली, हारही घातला होता. पण चाकाखाली लिंबं नव्हती, पुजारी नव्हता, आणि पुठ्ठ्याची मोठी चावी घेऊन फोटो काढायला कोणी बोलावलं नाही. आपण नको म्हटलं म्हणून ठेवलं नाही, आषाढ म्हणून विसरले, की आणखी काही? विचारण्यासारखं हे नव्हतं. यादगिरी तेवढ्याच तत्परतेने वागला, काचा कशा वर घ्यायच्या ते दोनदा दाखवलं, फाटकापर्यंत चालत आला. सार म्हणाला. गारु मात्र एकदाही म्हणाला नाही. घरी येईपर्यंत श्रीपती इंजिनाचा आवाज ऐकत नव्हता, ते न आलेलं गारुच ऐकत होता.

गाडी चांगली होती. डिझेलचा सुरुवातीचा धडधडाट एकदा वेग धरला की मऊ होई. मागची हवा खरंच मागे येत होती. पण गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट खरवडे, आणि त्या आवाजासरशी श्रीपती स्वतःचंच पोट आत ओढून घेई. मुकुंदरावांनी कार्यालयात ऐकलं आणि भुवया वर केल्या. “आषाढात घेतलीत? धाडसी आहात. जपून चालवा म्हणजे झालं.” ते मनापासूनच म्हणाले असतील. पण त्या दिवसापासून श्रीपतीला कळून चुकलं की या गाडीला साधं खरचटूनही चालणार नाही. दुसऱ्या कुणाच्या गाडीला पोचा आला तर तो पोचा. आपल्या गाडीला आला तर तो आषाढ. ज्याच्यावर त्याचा विश्वास नव्हता त्या महिन्याचीच अब्रू राखत तो पहाटे मोकळ्या रस्त्यावर सराव करू लागला. गाडी लावल्यावर भोवती एक फेरी घाली, पुन्हा एक घाली. खिडकीतून केसर बघे.

कोंडाबाईने तोवर गाडीला हातही लावला नाही. पहिल्यांदा बसेन ती त्या दिवशीच, म्हणाली.

गुरुवारी तिला बसवणं सोपं गेलं. घराची पायरी उंच, गाडी तिला अगदी टेकवून लावलेली. ती पायरीवरून अलगद सीटवर उतरली, पाय लांब केले, पांढऱ्या पदराने काच पुसली. श्रीपतीचं लक्ष आरशात होतं, डावीकडच्या बसवर होतं, मागून हॉर्न वाजवणाऱ्या रिक्षावर होतं. फाटकातून गाडी आत शिरली तेव्हा दरवानाने सलाम ठोकला. श्रीपतीने आरशात पाहिलं. आईने पाठ सरळ केली होती.

अडलं ते उतरताना. आवार सपाट, सीट खोलगट. कोंडाबाईचे पाय जमिनीला टेकले, पण अंग वर उठेना. केसरने एक हात धरला, मुकुंदराव धावत आले, त्यांनी दुसरा धरला. दोनदा उठवलं आणि दोनदा ती परत सीटवर बसली. वर सभागृहात माणसं जमली होती, खिडक्यांतून डोकी दिसू लागली. हिचं माप घ्यायचं राहिलं. सगळं विचारलं, हवा विचारली, डिझेल विचारलं, सीट किती खाली आहे हे काही विचारलं नाही.

“खुर्ची आणा,” मुकुंदराव ओरडले. “खुर्चीत घालून वर नेऊ.”

“मला उचलायचं न्हाई,” कोंडाबाई म्हणाली. “मी हितंच बरी हाय.”

कुणीतरी वर जाऊन सांगितलं असावं. आधी दोघं-तिघं उतरले, मग जिना भरून माणसं खाली येऊ लागली. इकडचे, तिकडे जाणारे, ज्यांनी आठवडाभर पंख्यांवरून वाद घातले होते तेही. शाल, हार, नारळ, सगळं खाली आलं. शेवटी मोठे साहेब आले. तेलुगू माणूस, मराठीचा गंध नाही. उन्हात गाडीच्या दाराशी वाकून त्यांनी म्हातारीला हात जोडले.

“जयभीम,” कोंडाबाई खणखणीत आवाजात म्हणाली, जशी ती भाजीवालीला म्हणे, डॉक्टरला म्हणे.

श्रीपतीने नजर खाली केली नाही. करायची राहून गेली, कारण तो आईकडे बघत होता. साहेबांनी जोडलेले हात तसेच थोडे वर नेले आणि मान लववली.

“उन्हात कशाला उभं केलंय त्यांना?” कोंडाबाई मुलाला म्हणाली, आणि पदर आवरून सीटवर पलीकडे सरकली. “आत बसा म्हणावं. हवा गार हाय.”

श्रीपतीने ते साहेबांना तेलुगूत सांगितलं. सांगताना त्याचं अर्धं लक्ष त्यांच्या बुटांना लागलेल्या, रात्रीच्या पावसाच्या चिखलाकडे होतं, आणि नव्या चटईकडे.