हजार यार्ड आणि एक वीत

भाचा मोबाईलवर अमेरिकन फुटबॉल दाखवत होता. "मामा, बॉल झेलून एका सीझनला हजार यार्ड काढले, की तो टॉपचा रिसीव्हर!" पडद्यावरचा खेळाडू पांढऱ्या रेषेवर झेपावला आणि माझ्या नाकात मैदान आखायच्या फक्कीचा वास शिरला.

मी त्याला माझ्या तरुणपणची गोष्ट सांगू लागलो. पोलादपूरला कबड्डीची फायनल. आम्ही कुडपणवाले दोन गुणांनी मागे, शेवटची चढाई सखाची. परतताना मधल्या रेषेजवळ तिघांनी त्याला आडवा पाडला. तरी दम सुटला नव्हता, "कबड्डी, कबड्डी" चालूच.

"सखा, हात लांब कर रे! रेषा हितंच हाय!" मी बोंबललो.

बोटं फक्कीत रुतली. तिघंही बाद, तीन गुण, आम्ही जिंकलो!

"सखामामानं किती यार्ड काढले?" भाच्यानं हसत विचारलं.

मी पंजा ताणून दाखवला. "एक वीत. पण तिघांना ओढत काढली!"