आईच्या ताटातलं पिवळं पानी

शनिवारी सकाळी आईनं माझ्याकडनं चुना मागून घेतला. आई म्हंजे माझी सासू, धोंडूबाई. ताप हुता, डोळे पिवळे झालेले, उठवत नव्हतं. तरी म्हनली, "ताट आन गं, माझी मीच बघते."

गावात कावीळ उतरवायची ती आमची आई. नेरळपासनं लोकं यायची. पितळी ताटात आंब्याच्या सालीचं पानी, हाताला चुना चोळायचा नि हात धुवायचे. पानी पिवळं आलं का कावीळ. घ्यायची फक्त नारळ. पथ्य मोडलं का शिव्या. एका मास्तराला तिनं कर्जत टेशनावर वडा खाताना धरला नि हातातला वडा काढून घेतला.

तिनं सोताचे हात धुतले. पानी पिवळं आलं. "बघ. कावीळच हाय. पथ्य करते, होईल."

मी म्हनलं, "आई, डोळे लाल पन हायेत. पोटऱ्या दुखतात म्हनता. बाकीच्या कावीळवाल्यांच्या कुठं दुखतात?"

"भाताची लावनी काय खुर्चीत बसून केली? दुखनारच."

दुपारपर्यंत लघवी झाली नाय. आमच्या ह्यांनी टेंपो आनला. टेंपोत आई त्यांना म्हनली, "मीच दवाखान्यात गेले तर माझ्याकडं कोन येईल रं पदू?"

कर्जतला डॉक्टरीनबाईंनी पोटरी दाबली, तशी आई कळवळली. पायाच्या भेगा बघून बाई म्हनल्या, ही नेहमीची कावीळ नाही, लेप्टो वाटतो. उंदराच्या मुतातला जंतू चिखलात असतो, भेगेतून अंगात जातो. डोळे त्यानंच पिवळे झालेत, पण औषध वेगळं लागतं, नि ते लवकर लागतं. रक्त तपासायला पाठवलं नि वाट न बघता सलाईनमधनं औषध सुरू केलं.

आई म्हनली, "पन बाई, पानी पिवळं आलंता."

"आजी, माझे हात धुतले तरी पिवळंच येईल."

आई हात उलटेपालटे करून बघत राह्यली.

पनवेलच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी निघाली. वाटंत चौक गावाच्या अलीकडंच आई गेली. रिपोर्ट मागनं आला. लेप्टोच हुता.

तेराव्याच्या आदल्या दिवशी वरच्या आळीतली हर्षला आली. ताप, डोळे पिवळे. लावनीला आईच्या बाजूलाच हुती ती. आई नाय हे तिला ठावं हुतं, तरी वटीवर बसून म्हनली, "वैनी, तुमी तरी ताट लावा." नि दोन्ही हात पुढं केले.

मी म्हनलं, "हात ऱ्हाऊ दे. पाय दाखव."