मध्यंतर आणि हातातला बूट

"शेवटाचं काही खरं नसतं, मधलं तेवढं नीट बघावं."

हे वाक्य तो दिवसातून दहा वेळा म्हणायचा. स्क्रू पिळताना म्हणायचा, चहा गाळताना म्हणायचा. एकदा शेजारच्या न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेली असताना म्हणाला, तेव्हा न्हाव्याने वस्तरा खाली ठेवून विचारले, "मग राहू देऊ का अर्धीच?"

त्याचे खरे नाव दुकानाच्या पाटीवर होते. पाटीचा रंग उडाला, तसे नावही उडाले. सगळी गल्ली त्याला मध्यंतर म्हणायची आणि तो ओ द्यायचा.

टीव्ही दुरुस्त करणे हा त्याचा धंदा. दुकान म्हणजे एका माणसाने अंग चोरून बसावे एवढी खोली. भिंतीला फळ्या, फळ्यांवर पाठ उघडी टाकून बसलेले सात-आठ जुने पेटीचे टीव्ही, आणि मधोमध तो, हातात तापलेली डाग द्यायची कांडी. दुरुस्त झालेला टीव्ही तो लगेच परत देत नसे. एक अख्खा दिवस चालू ठेवायचा, तापू द्यायचा. "गार असताना सगळेच शहाण्यासारखे वागतात," तो म्हणायचा, "तापल्यावर दोष कळतो." या नियमापायी त्याचे तीस-पस्तीस वर्षे दिवसभर टीव्ही बघणे झाले. मालिका, जुने सिनेमे, बातम्या, काही म्हणून सुटले नाही. आणि प्रत्येक गोष्टीवर त्याचे मत होते. मागायला लागत नसे.

"ही सासू जिना उतरतेय मंगळवारपासून. हिला गुडघ्याच्या डॉक्टरकडे न्या, मालिका चार महिने लवकर संपेल."

"हा गुप्तहेर हुशार आहे, पण घरी त्याला कुणी जेवलास का म्हणून विचारत नाही. म्हणून लोकांच्या घरात शिरतो."

"बातम्यांत सहा माणसं एकदम बोलतात. अशा सहा वायरी मी एकत्र जोडल्या तर गल्ली पेटेल."

जुन्या काळ्या-पांढऱ्या सिनेमांवर मात्र त्याचा जीव. "तेव्हा माणसं दार लावून रडायची," तो म्हणायचा, "आता कॅमेरा कुठाय ते बघून रडतात." असे म्हणताना त्याचा आवाज ओल्या मातीसारखा व्हायचा. पण सिनेमा शेवटाकडे झुकला, वाद्ये जोरात वाजू लागली, की त्याचा हात आपोआप बटणाकडे जाई. खट्! पडदा काळा. समोर बसलेले गिऱ्हाईक ओरडायचे, "अरे, ती मेली का जगली?" तो म्हणायचा, "मधे जगली ना? मग झालं."

हा नुसता विक्षिप्तपणा आहे असे गल्लीला वाटे. तसे नव्हते. त्यामागे एक बूट होता.

अडतीस वर्षांपूर्वी, त्याला नुकते मिसरूड फुटत होते तेव्हा, तो आणि त्याची थोरली बहीण आक्का एक सिनेमा बघायला गेले. सिनेमात एक शिक्षिका. तिला दोघे जण मागणी घालतात. एक बोटीचा कप्तान, मिशीला पीळ देणारा. दुसरा गाण्याचा मास्तर, इतका विसराळू की स्वतःचीच शिकवणी विसरायचा. मध्यंतरात निरोप आला, आईला ताप चढलाय. आक्का उठून घरी गेली. हा शेवटपर्यंत बसला. शेवटी मास्तर धक्क्यावर यायचे विसरतो आणि शिक्षिका कप्तानाबरोबर बोटीत बसून जाते. समाप्त.

त्याच आठवड्यात आक्कालाही दोन स्थळे आली होती. एक औषधांचा फिरता विक्रेता, कडक इस्त्रीचा. दुसरा स्टेशनावर हरवलेल्या सामानाच्या खिडकीत बसणारा कारकून, ज्याची स्वतःची छत्री त्याच्याच खिडकीत नऊ वेळा जमा झाली होती. पण या कारकुनाने बघायला आला तेव्हा आक्काच्या या धाकट्या भावाच्या हातात एक जुना रेडिओ ठेवला होता. "घरात पडून आहे. उघडून बघ, शीक." तो रेडिओ मिळाल्यापासून पोरगा रात्री त्याला उशाशी घेऊन झोपायचा. रेडिओ देणारा माणूस घरात कायमचा यावा असे त्याला वाटले, तर त्यात नवल नाही.

म्हणून आक्काने विचारले, "शेवटी काय झालं रे?" तेव्हा तो बिनदिक्कत म्हणाला, "ती बोटीत पाय ठेवणार, तेवढ्यात मास्तर धावत येतो. एक बूट पायात, एक हातात! ती खाली उतरते आणि म्हणते, विसराळू माणूस बरा, तो भांडणंही विसरतो."

आक्काने दोन दिवस विचार केला आणि कारकुनाला होकार दिला. पुढे उभा जन्म ती ते वाक्य घोकत राहिली. दाजी बाजारात पिशवी विसरले, पिशवी आणायला गेले आणि बाजार विसरले, एकदा आक्कालाच लग्नघरी विसरून आले, दरवेळी ती कपाळाला हात लावून म्हणायची, "जाऊ दे. सिनेमातली म्हणालीच होती." ते ऐकले की मध्यंतर घाईने पायात चपला सरकवायचा. तेव्हापासून त्याने एकही शेवट बघितला नाही.

आणि आता, एका गुरुवारी, आक्काचा टीव्ही बंद पडला.

दोष मामुली. आतल्या एका तारेचा टाका सुटला होता, दहा मिनिटांचे काम. त्याने डाग दिला, टीव्ही तापायला ठेवला, आणि त्याच टीव्हीवर त्याला जाहिरात दिसली. रविवारी दुपारी, तोच सिनेमा.

कांडी त्याच्या हातातून सुटली. नशीब, चहात पडली.

आक्काने शेवट पाहिला तर? एका रेडिओपायी भावाने थाप मारली आणि त्या थापेवर आपण संसार मांडला, हे तिला कळले तर? आई गेल्यापासून त्याला दटावणारे, जेवलास का म्हणून विचारणारे ते एकच माणूस होते. त्याने फोन केला. "आक्का, तुझ्या टीव्हीचा पार्ट मिळत नाही. सोमवारी बघू."

"बरं," आक्का म्हणाली. त्याचा जीव भांड्यात पडला.

रविवारी दुपारी आक्का दुकानाच्या दारात उभी. काखेत घरची खुर्ची.

"सिनेमा आहे आज. माझा बिघडलाय तर बिघडलाय, तुझ्याकडे इतके आहेत, एखादा लागत असेल की!"

मध्यंतरने फळ्यांवरच्या टीव्हींकडे बघितले. आक्कापासून टीव्ही लपवायला त्याने टीव्हीचेच दुकान निवडले होते आणि तीन दिवसांत ही गोष्ट त्याच्या डोक्यात आली नव्हती.

"सगळे उघडे आहेत गं. शॉक बसेल."

"माझ्याची पाठ तर लावलेली दिसतेय," आक्का म्हणाली आणि तिने बटण दाबले. टीव्ही आरशासारखा लख्ख लागला.

"अरेच्चा," मध्यंतर म्हणाला, "बरा झाला वाटतं."

आक्का बसली. तो मागे उभा राहिला. सिनेमाचे मध्यंतर झाले, आक्का म्हणाली, "इथून पुढचं मी बघितलंच नाहीये," आणि पदर सावरून पुढे सरकली. बोट धक्क्याला लागली. वाद्ये चढली. त्याचा हात सवयीने बटणाकडे गेला, आणि आक्काने मान न वळवता त्यावर फटका मारला.

शिक्षिकेने बोटीत पाय ठेवला. कप्तानाने मिशी पिळली. बोट निघाली. समाप्त.

आक्का पडद्याकडे बघत राहिली. "बूट कुठाय?"

त्याने फडके घेऊन कांडी पुसायला सुरुवात केली.

"कापला मेल्यांनी! जाहिराती घुसवायला जागा पाहिजे म्हणून नेमका बूट कापला! मी पत्र लिहिते यांना. कागद दे."

सुटकेची वाट अशी आपणहून चालत आली होती. त्याने कागद उचललाही. पण आक्का पत्र लिहिणार, खाली आपली सही करणार, आणि तिकडे कुणीतरी तिला हसणार, हे त्याला बघवेना. कागद त्याने परत ठेवला.

"आक्का, बूट नव्हताच. तो मी घातला. ते वाक्यसुद्धा माझंच."

"कशासाठी?"

"दाजींनी रेडिओ दिला होता म्हणून."

आक्का उठून उभी राहिली. दुकान आणखीच लहान झाले. "एका रेडिओवर मला विकलंस?"

"हो."

"तोच ना, जो आपल्या घरी कधी वाजला नाही?"

"तोच."

"म्हणजे बंद रेडिओवर! अरे, निदान चालू तरी मागायचास! माझी काही किंमत?"

इतक्यात दाजी दारात आले. टीव्ही बरा झालाच तर उचलायला हात लागेल म्हणून आक्काने त्यांना दोन वाजता यायला सांगितले होते. आता पाच वाजले होते.

"झाला का सुरू सिनेमा?" दाजींनी विचारले.

"अहो," आक्का त्यांच्याकडे वळली, "तुम्ही याला लाच म्हणून रेडिओ दिला होता की नाही? खरं सांगा!"

दाजींनी डोळे मिटून खूप प्रयत्न केला. "दिला असेन. चांगला वाजतो का रे?"

आक्काने तोंड उघडले. अडतीस वर्षांचे भांडण तिच्या ओठांवर आले होते. समोर दाजी, धुतल्या पाटीसारखे निर्मळ, उत्तराची वाट बघत उभे. आक्काने तोंड मिटले. तिला हसू फुटले, ते इतके की तिला खुर्चीत बसावे लागले.

"यांच्याशी भांडायचं तरी कसं? उद्या परत पहिल्यापासून सांगावं लागेल." मग डोळे पुसून तिने आपले मत दिले, "सिनेमाच चुकलाय. त्या बाईने घाई केली. तासभर थांबली असती तर आला असता की तो. आणि तू," ती भावाकडे बोट रोखून म्हणाली, "आजपासून रोज संध्याकाळी माझ्याकडे यायचं, जेवायचं आणि माझी मालिका संपेपर्यंत बघायची. मधे उठलास तर याद राख."

"ती मालिका? तिला शेवटच नाही गं!"

"तुझ्या सोयीचीच आहे मग. उचल टीव्ही."

मध्यंतरने टीव्ही छातीशी कवटाळला. पुढे खुर्ची घेऊन आक्का, मागे लोंबती वायर सावरत तो, असे दोघे गल्लीतून निघाले. न्हाव्याने वस्तरा हवेत धरूनच विचारले, "आज कुठवर?"

"शेवटपर्यंत," तो म्हणाला आणि वळणाकडे चालू लागला.

दुकानाच्या उंबऱ्यावर दाजी उभे राहून त्याच्याकडे कौतुकाने बघत होते. बिचारा एकटाच एवढे ओझे नेतोय, असे त्यांच्या मनात आले. कुणीतरी हात लावायला यायला हवे होते.