कुंदाताईंचं भिंग आणि माझी डिस्क

शेवटच्या रविवारीही कुंदाताईंनी माझी डिस्क गाडीतल्या प्लेअरमध्ये घातली. प्लेअरनं नेहमीसारखं दोन-तीनदा खर्र-खर्र केलं, जरा थांबून पडद्यावर ‘नो डिस्क’ अशी अक्षरं दाखवली आणि डिस्क बाहेर ढकलली. ताई स्टिअरिंगवर हात ठेवून खुदुखुदु हसल्या. “बालाजी, तुझा आवाज माझ्या भिंगाला झेपत नाही रे. पुढच्या रविवारी बघू.” मी म्हणालो, “भिंग बदला, ताई.” “त्यापेक्षा गायक बदलते,” म्हणाल्या. मग निगडीतल्या त्यांच्या घरात बसून चहा झाला, दाजींनी खारी बिस्किटं काढली, आणि मी काळेवाडीला परत आलो. त्याच आठवड्यात एका सकाळी त्यांच्या मुलीचा, प्रज्ञाचा फोन आला. “मामा, आई गेली... झोपेतच.” आणि खरं सांगतो, डोक्यात पहिला विचार आला तो हा, की आता माझी डिस्क कोण वाचणार! माणसाचं डोकंही काय येडं असतं बघा. त्याला महिना होऊन गेला. आता कुठं लिहिता येतंय.

कुंदाताई भिंगं करायच्या. चष्म्याची नव्हे. सीडी किंवा डीव्हीडी वाजते तेव्हा तिच्या खाली मसुराच्या डाळीएवढं एक भिंग असतं. ते लेझरचा उजेड डिस्कवर एका बिंदूत गोळा करतं आणि परत फिरलेल्या उजेडातून गाणं वाचलं जातं. लेझर, भिंग, भिंगाला वर-खाली हलवणारी तारेची कॉइल, या सगळ्या जुळणीला आम्ही पिकअप म्हणायचो. चिंचवड स्टेशनच्या पलीकडे एका शेडमध्ये आमची छोटीशी कंपनी होती. भिंगाचं डिझाइन ताईंकडे, कॉइल माझ्याकडे. मी उदगीरकडचा, डिप्लोमा करून नुकताच आलेला. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, “काय काय येतं?” मी छाती फुगवून म्हणालो, “कॉइल गुंडाळता येते, अन् गाणं लई भारी म्हणता येतं.” “कॉइल दाखव. गाण्याचं नंतर बघू,” ताई म्हणाल्या. ते ‘नंतर’ किती लांबणार होतं, याची आम्हा दोघांनाही कल्पना नव्हती.

त्यांच्या मनानं एकच गोष्ट घेतली होती. सीडीत गाणं प्लॅस्टिकच्या जाड थराखाली असतं, डीव्हीडीत त्याच्या निम्म्या खोलीवर. भरलेल्या बादलीच्या तळाचं नाणं आणि अर्ध्या बादलीच्या तळाचं नाणं बघायला नजर वेगळी लावावी लागते, तसंच हे. म्हणून बाकीचे लोक दोन भिंगं बसवायचे आणि डिस्क बघून एक मागं, एक पुढं करायचे. आमच्या साहेबांनाही तेच हवं होतं. ताईंना नको होतं. त्यांचे वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात फिटर होते आणि त्यांचा चष्मा एकाच काचेत जवळचं आणि लांबचं दाखवायचा. “बाबांचा चष्मा दोन कामं करतो, मग माझं भिंग का नाही करणार?” एवढं एकच त्या म्हणायच्या आणि भिंगावर केसाहून बारीक वर्तुळाकार पायऱ्या कोरायच्या, म्हणजे सीडीचा उजेड एका खोलीवर जुळेल आणि डीव्हीडीचा दुसऱ्या. पायऱ्या जमल्या नाहीत की भिंग केराच्या टोपलीत टाकायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. साहेब कपाळाला हात लावायचे. चाकणच्या एका मोठ्या मोटार कारखान्याला आमचा प्लेअर दाखवायचा होता. तिथं एका भिंगावर काम झालं नाही, तर ताईंचं भिंग कायमचं कपाटात जाणार आणि दोन भिंगांचा माल निघणार, असं साहेबांनी सरळ सांगून टाकलं होतं.

ताईंचा शुक्रवार मात्र आमचा सण होता. दर शुक्रवारी प्रत्येकानं घरातली सगळ्यात वाईट डिस्क आणायची, आणि अट एकच, पुसायची नाही! डिस्क वाजली तर आणणाऱ्यानं सगळ्यांना भेळ द्यायची, नाही वाजली तर ताईंनी. मग काय विचारता... कुणी पेरूच्या झाडावर पाखरं हाकलायला टांगलेली आणली, कुणी टेम्पोच्या मागं चमकायला बांधलेली. एकानं तर स्वतःच्या लग्नाची डीव्हीडी आणली. तिच्यावर लोणच्याची बरणी ठेवून ठेवून तेलाचं कडं उमटलं होतं. ती वाजली आणि पडद्यावर नवरा-नवरी आल्यावर तो बिचारा एवढा लाजला, की भेळ आणायला पळूनच गेला. ताई प्रत्येक डिस्क आधी खिडकीशी नेऊन उजेडात तिरकी करायच्या. घरी भरलेल्या डिस्कचा लिहिलेला भाग जरा गडद दिसतो, आतून बाहेर एक कडं दिसतं. त्या कड्यावरून त्या सांगायच्या, “ही निम्मी भरलीय. ही पार काठापर्यंत.” आम्हालाही त्यांनी ते शिकवलं. आणि दुसरं शिकवलं ते हे, की कुठलंही यंत्र आधी रिकामं चालवून बघायचं, मगच त्यात माल घालायचा. हे तर आमच्या अंगातच मुरलं होतं.

त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मी स्वतः रचलेला पोवाडा म्हटला. विषय, आमच्या कँटीनची मटकीची उसळ. तिच्यात मटकी शोधायला निघालेल्या वीराची शौर्यगाथा होती ती, हसू नका! पहिलं बक्षीस मिळालं, आचारीसुद्धा टाळ्या वाजवत होता. ताई तेवढ्या नव्हत्या, छोटी प्रज्ञा तापानं फणफणली होती. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या म्हणाल्या, “म्हण बघू.” मी म्हणालो, “असा कसा म्हणू? रेकॉर्ड केलाय, डिस्कवर घालून आणतो. तुमच्या भिंगानं वाचला तर ऐका.” झाली पैज. कंपनीच्या कॉम्प्युटरवर मी डिस्क केली, काम झाल्याची अक्षरं आली, आणि जागा अडू नये म्हणून मूळ रेकॉर्डिंग पुसूनही टाकलं. शुक्रवारी ताईंनी ती खिडकीशी नेली, तिरकी केली, माझ्याकडे बघितलं, परत डिस्ककडे बघितलं. प्लेअरमध्ये घातली... नो डिस्क. सगळ्यांनी ओरडाआरडा केला, भेळ झाली. मी डिस्क मागितली तर म्हणाल्या, “आता वाचल्याशिवाय परत देणार नाही.” आणि त्या शब्दाला त्या जागल्या. ताई होत्या तोवर ती डिस्क पुन्हा माझ्या हातात आली नाही.

मग चाकण. ऐन मे महिना, कारखान्याच्या आवारात चाचणीची गाडी उन्हात उभी. साहेबांनी दुकानातून नव्याकोऱ्या डिस्क आणल्या होत्या. गाडीत बसवलेल्या प्लेअरनं सीडी वाजवली, डीव्हीडी घातली आणि नो डिस्क! दुसरी घातली, तेच. कारखान्याचे लोक भले होते, म्हणाले, पंधरवड्यानं परत या. परतीच्या वाटेवर मी म्हणालो, “ताई, संपलं आता.” त्या खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, “शेडमध्ये एसी आहे, बालाजी. आपण सगळं गारव्यात केलं. माझं भिंग प्लॅस्टिकचं आहे, त्याला ऊन लागलं.” दुसऱ्या दिवसापासून बाई काय करत होती माहीत आहे? भर दुपारी कंपनीच्या आवारात काचा बंद केलेल्या गाडीत बसायची. डोक्यावर ओला नॅपकिन, मांडीवर थर्मामीटर, हातात तिखट-मीठ लावलेली कैरी. वॉचमन मला येऊन म्हणाला, “राव, मॅडमला काय झालंय?” मी म्हणालो, “मॅडमला न्हाई, भिंगाला झालंय.” आणि त्या भट्टीतच त्यांना सुचलं. तापलं की प्लॅस्टिक एका बाजूला चुकतं, तर पायऱ्या अशा कोरायच्या की त्या तेवढ्याच दुसऱ्या बाजूला चुकतील. दोन चुका मिळून नजर सरळ! मला ते गणित आजही पुरतं कळलेलं नाही, पण त्या दिवशी ताईंचा लालबुंद चेहरा बघून मी नाचलो होतो.

पंधरवड्यानं परत चाकणला गेलो तेव्हा ताईंनी साहेबांच्या नव्या डिस्क पिशवीतच राहू दिल्या. ती टेम्पोवाली काढली, तारेचे ओरखडे असलेली, धुळीनं माखलेली. साहेब पुटपुटले, “अहो, निदान पुसा तरी.” “पुसायची नाही,” ताई म्हणाल्या. गाडी सकाळपासून तापत ठेवली होती, सीटला हात लावला तर चटका बसत होता. डिस्क आत गेली. खर्र... आणि धडाधड ढोल वाजायला लागला. लोणच्याची डीव्हीडी घातली, नवरा-नवरी आले! कारखान्याचे साहेब लोक हसून हसून बेजार, आणि आमचे साहेब रुमालानं डोळे पुसत होते. ताई मला म्हणाल्या, “आता तेवढी तुझी राहिली.” परत आल्याबरोबर घातली. नो डिस्क. सगळं वाचणारं ते भिंग, आणि माझ्या उसळीच्या पोवाड्याला हरलं! मला तर मनातून अभिमानच वाटला.

पुढे माल निघाला, बरीच वर्षं गाड्यांमधून आमची भिंगं फिरली. मग मोबाइल आले, डिस्क गेल्या, कंपनी गाड्यांच्या कॅमेऱ्यांची भिंगं करायला लागली. ताईंनी तीही तितक्याच हौसेनं केली. पण पहिल्या पिकअपचा प्लेअर त्यांनी स्वतःच्या निळ्या गाडीत बसवून घेतला आणि ती गाडी काही विकली नाही. ताईंच्या निवृत्तीनंतर दर रविवारी मी त्यांच्याकडे जायचो. आधी गाडीत बसून माझी डिस्क घालायची, मग चहा. त्या कितीदा म्हणाल्या, “अरे, तोंडानंच म्हण की आता!” मी ऐकायचो नाही. “पैज म्हणजे पैज. भिंगाला वाचू द्या.” त्या मान डोलवायच्या.

गेल्या रविवारी पाय आपोआप निगडीला वळले. दाजी थकलेले दिसत होते, पण मला बघून उठले आणि चहा टाकायला आत गेले. प्रज्ञानं गाडीतून पाकीट काढून माझ्या हातात ठेवलं. “मामा, ही तुमची.” इतक्या वर्षांनी ती डिस्क पहिल्यांदा माझ्या हातात आली होती. सवयीनं मी खिडकीशी गेलो, उजेडात तिरकी केली... आणि बघतच राहिलो. आतून काठापर्यंत एकच रंग. कडं नाहीच! डिस्क कोरी होती. तेव्हा लख्ख आठवलं. डिस्क लिहिण्याआधी कॉम्प्युटर विचारायचा, नुसती चाचणी करू का? मी ताईंच्या शिस्तीतला. आधी रिकामं चालवून बघायचं म्हणून ‘हो’ म्हटलं, त्यानं सगळं केल्यासारखं केलं, काम झालं म्हणून सांगितलं, आणि मी गाढवासारखा खरी डिस्क लिहायचीच विसरलो.

मी प्रज्ञाकडे बघितलं. ती हसत होती आणि तिचे डोळे भरले होते. “आईला पहिल्या शुक्रवारीच कळलं होतं, मामा. मला म्हणायची, त्याला सांगू नकोस, बालाजीचं रविवारचं येणं बंद होईल.” काय बाई होती! मी मोठ्यानं हसलो, आणि हसता हसता कधी रडायला लागलो ते माझं मलाच कळलं नाही. सगळं वाचायची शपथ घेतलेली बाई, आणि माझ्यासाठी एवढी वर्षं आपलं भिंग हरलं म्हणून सांगत राहिली.

आम्ही तिघंही गाडीत जाऊन बसलो. प्रज्ञानं डिस्क आत ढकलली. मसुराएवढं ते भिंग आत वर-खाली व्हायला लागलं, खर्र... खर्र... कोऱ्या डिस्कवर माझं गाणं शोधायला लागलं. मी घसा खाकरला आणि खड्या आवाजात पोवाडा सुरू केला. दुसऱ्या कडव्याला शब्द विसरलो, तिसरं तर पार गेलं, दाजी मागून उगाच “जी जी रं” करत होते. पोवाड्यातल्या वीराला मटकी सापडेपर्यंत डिस्क बाहेर आलेली होती. प्रज्ञानं ती पाकिटात घातली, पाकीट पुन्हा गाडीच्या कप्प्यात ठेवलं आणि म्हणाली, “राहिलेली कडवी पुढच्या रविवारी, मामा.”