जपानात पोचलेली पालक

कुठलाही प्रश्न विचारला की आमचे डॉक्टरसाहेब आधी चष्मा काढत, शर्टाच्या टोकानं पुसत आणि पुन्हा डोळ्यांवर चढवत म्हणत, "ते सगळं पेपरात दिलंय." पेपर म्हणजे वर्तमानपत्र नव्हे, परदेशी नियतकालिकात छापून आलेला त्यांचा शोधनिबंध. चहात साखर कमी आहे का विचारलं तरी हेच उत्तर येईल, अशी आम्हाला धास्ती असे.

साहेब जड धातूंचे शास्त्रज्ञ. कारखान्यांच्या सांडपाण्यातलं शिसं, कॅडमियम मातीत आणि भाज्यांत किती उतरतं, ते मोजायचे. मी त्यांच्या प्रयोगशाळेत टायपिस्ट. हैदराबादेत मराठी बोलायला मिळतं म्हणून ते माझ्याशी जरा जास्त बोलत. बोलत म्हणजे हवाले सांगत. आपल्या निबंधाचा हवाला जगात कोणी कोणी दिला, हे ते रोज सकाळी संगणकावर पाहायचे. "बाई, आज ब्राझील!" चेहरा असा, की घरातली पोरगी बोर्डात आली. मी पेढे मागायची. ती थट्टा त्यांना कधी कळली नाही. असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेलच, फक्त त्याचा ब्राझील वेगळा असेल.

तेव्हा राज्याचे दोन भाग होत होते आणि आमची प्रयोगशाळाही वाटली जाणार होती. खुर्च्या, कपाटं, माणसं, सगळ्यांच्या याद्या. कमिटीवाले मातीच्या नमुन्यांच्या बरण्यांपाशी येऊन अडले, कुठली माती कुठल्या राज्याची? साहेबांची चिंता वेगळीच. भर बैठकीत हात वर करून त्यांनी विचारलं, "माझे हवाले कुठल्या राज्याच्या नावावर धरणार?" कमिटीच्या अध्यक्षांनी पाणी मागवलं.

याच गडबडीत एक दिवस यादम्मा आली. नाल्याकाठच्या तिच्या तुकड्यातली माती आणि पालक साहेबांनी कधीकाळी नमुना म्हणून नेली होती. तीच पालक ती अंबरपेठेच्या बाजारात विकायची आणि मी तिच्याकडूनच घ्यायची. हो, मीच. साहेबांच्या निबंधातला 'चिंताजनक' या अर्थाचा इंग्रजी शब्द एकही चूक न करता मी टाईप केला होता, आणि त्याच संध्याकाळी घरी डाळ-पालक केली होती. अर्थ समजून घ्यायचा पगार टायपिस्टला मिळत नाही, असं मी स्वतःला सांगत असे.

यादम्मा दारातच उभी राहिली. "साब, पालक ले गए थे ना आप? उसका क्या हुआ? खाना कि नक्को?"

साहेबांनी चष्मा पुसला. "वो सब पेपर में है, अम्मा."

"मेरे को पढ़ना नै आता."

"बहुत बड़ा काम हुआ, अम्मा. जपान के लोगां भी उसका नाम लेते."

"जपान में मेरी पालक कौन खारा, साब? मेरी पोती खाती."

साहेब म्हणाले, नमुने मर्यादित आहेत, अधिक अभ्यासाची गरज आहे. हे ते माझ्याकडे बघत मराठीत म्हणाले, तिला कळू नये एवढी सोय करून. मला राहवलं नाही.

"साहेब, तुम्ही खाता का हिची पालक?"

साहेबांच्या घरची भाजी दर आठवड्याला जहीराबादकडून, बहिणीच्या शेतातून, बसनं येते हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. ती का येते, हे त्या क्षणापर्यंत माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

त्यांनी चष्मा काढला. पुसला नाही. नुसता हातात धरून, तिच्याकडे न बघता म्हणाले, "नक्को, अम्मा. मत खाओ. पोती को तो बिल्कुल नक्को."

"बेचना?"

"बेचना भी नक्को."

"फिर क्या लगाऊं?"

हे मात्र पेपरात कुठेच नव्हतं. "फुलां लगाओ," साहेब शेवटी म्हणाले. "चेमंती. शेवंती बोलते ना, वो. फुलां कोई खाता नै."

दुसऱ्या दिवशी साहेब मूळ पदावर आले. मला एक कागद टाईप करायला दिला. तोंडी बोलणं हे प्रयोगशाळेचं अधिकृत मत नव्हे, असं त्यात होतं आणि खाली यादम्माचा अंगठा हवा होता. कागद घेऊन मीच बाजारात गेले. तिच्या पाटीत पालक नव्हती. दुसऱ्या कुणाकडून आणलेल्या चिंचा आणि लिंबं घेऊन बसली होती. "अंगूठा नै लगाती," ती म्हणाली. "साब बोले, मैं सुनी. बस." मी कागद तिथेच फाडला आणि साहेबांना सांगितलं, बाई भेटल्या नाहीत. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

वाटणीत साहेब पलीकडच्या राज्याला गेले. मी बस स्टँडवर पोचवायला गेले होते. निबंधांच्या छापील प्रतींची पेटी उचलताना हमाल वाकला. "लोहा है क्या, साब?"

"रिसर्च है," साहेब म्हणाले.

बस सुटायच्या आधी खिडकीतून त्यांनी हळूच विचारलं, "बाई, त्या यादम्मानं खरंच काढली का पालक?"

"हौ. चेमंती लावलीय. परवाच पाहून आले."

मला वाटलं, आता म्हणतील, फोटो काढा, नोंद ठेवा, पुढच्या निबंधात घालू.

"कुठे लिहिलंत का हे?"

"नाही."

"नका लिहू."

भीतीनं म्हणाले की आणखी कशानं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. बस निघाली तरी ते माझ्याकडेच पाहत होते.

दोन पावसाळ्यांनंतर ते तिकडेच वारले. कळवायला त्यांच्या नव्या ऑफिसातून फोन आला. फोन करणाऱ्याला त्यांचं वय माहीत नव्हतं. हवाल्यांचा आकडा मात्र त्यानं पाठ म्हणून दाखवला.