जव्हारच्या घाटासाठी एक जुनी मोटारसायकल

जुनी मोटारसायकल घ्यायला निघालेल्या माणसाकडे गाडीच्या आधी किस्सेच गोळा होतात. आमच्या रंगाच्या कारखान्यात चहाच्या सुट्टीत माझे किस्से इतके चालत, की मी गाडी घेऊच नये असं काहीजणांना मनापासून वाटायला लागलं!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी बोईसरला, कुंभवलीजवळच्या कारखान्यात. बायको जव्हारच्या पुढे शाळेत शिक्षिका. शनिवारची एसटी चुकली की आठवडा गेला. धाकटी मुलगी तर मला ‘काका’ म्हणायला लागली होती. तेव्हा ठरवलं, घाट चढेल अशी जुनी गाडी बघायची.

पारखी म्हणून सोबत आमच्या बॉयलरवरचे पेडणेकर. स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनला आणि दुसरं कानाला लावून ते डोळे मिटायचे. स्वतः मात्र सायकलवर! “असं का हो?” विचारलं तर म्हणाले, “सगळ्या गाड्यांचं आतलं ऐकलंय ना मी!”

*

पहिली गाडी किनाऱ्यावरच्या मुरबे गावातली. मालक म्हणाला, “आमी तिला लेकीसारखी जपलीय. खाऱ्या पाण्याकडं कदी नेली नाय!”

मागे मासळीच्या टोपलीचे दोर तसेच लोंबत होते.

पेडणेकरांनी कान लावला. “इंजिन उत्तम!” मी खूश होऊन सीटवर थाप मारली, तर मागचा मडगार्ड खाली!

मालक शांतपणे म्हणाला, “त्याचं काय नाय. तो फक्त पावसाळ्यात लागते.”

*

दुसरी चिंचणीच्या निवृत्त हेडमास्तरांची. गाडी आरशासारखी. पण त्यांनी मलाच ओटीवर बसवून परीक्षा घेतली.

“चढावर गिअर कधी बदलाल?”

“इंजिन कण्हायला लागलं की.”

“चूक! कण्हायच्या आधी!”

असे आणखी चार प्रश्न. मग ते उठले, गाडीवर पुन्हा चादर घातली आणि म्हणाले, “नीट तयारी करून या.”

परतताना पेडणेकर म्हणाले, “मला सगळी उत्तरं येत होती.”

“मग खुणावायचं तरी!”

“कॉपी? हेडमास्तरांसमोर?”

*

मग बोईसरचा एक एजंट भेटला. “साब, घाट क्या, दीवार पे चढ़ेगी!”

पण सपाट बोईसरात चढ आणायचा कुठून? आमच्या गोदामापुढे माल चढवायचा एक उतार होता. घाटातलं ओझं म्हणून मागे पेडणेकरांना बसवलं आणि गाडी सोडली.

गाडी खरंच चढली हो! थांबायचं मात्र तिला कुणी शिकवलंच नव्हतं. आम्ही थेट पिवळ्या रंगाच्या भुकटीच्या पोत्यांत.

एजंट धावत आला. “देखा साब? चढ़ गयी ना!”

पेडणेकरांचा पिवळा रंग तीन दिवस उतरला नाही. कँटीनमध्ये जो तो विचारायचा, “मुहूर्त कधीचा?”

*

शेवटी गाडी मिळाली आणि त्या गाडीनेच माझा ‘काका’चा ‘बाबा’ केला. कॉलनीतले एक साहेब बदली होऊन चालले होते. त्यांची सासुरवाडी जव्हारची. मी सरळच विचारलं, “घाटात ढकलावी लागते का?”

“पाच वर्षं दर शनिवारी जातोय. एकदाही ढकललेली नाही. देवाशपथ!”

पेडणेकरांनी या वेळी इंजिनाला नाही, साहेबांच्या बोलण्यालाच कान लावला. “माणूस खरं बोलतोय,” म्हणाले. घेतली!

पहिल्याच शनिवारी निघालो. घाटाच्या तिसऱ्या वळणावर गाडी धापा टाकत थांबली. किक मारून मारून पाय दुखला, पण ती हू की चू करेना. उतरून ढकलायला लागलो, तेवढ्यात बाजूच्या झोपडीतून एक म्हातारी दगड घेऊन आली आणि तो तिनं मागच्या चाकाला लावला. दगडाची एक बाजू टायर घासून काळी पडलेली!

“ढकलू नको रे बाबा,” ती म्हणाली. “तो साहेब कदीच ढकलीत नव्हता.”

तिनं आतून पाट आणून झाडाखाली टाकला. “बस. थंड झाली का आपसूक निघते.”

मी सांगितलं, साहेबांची बदली झाली, गाडी आता माझी.

तिनं मला नखशिखान्त न्याहाळलं आणि झोपडीकडे वळून हाक मारली,

“अगं, चाय ठेव! शनवारचा साहेब बदललाय!”