स्पीडब्रेकरपाशी दिलेली रेस

नामदेव गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंचरच्या दुकानात एका गिऱ्हाइकाला बटाट्याचं बेणं दाखवत होतो. फोनवर त्याचा धाकटा भाऊ किसन होता. भाताच्या आवणीसाठी दोघं भाऊ तळेघरकडे डोंगरात गावी गेले होते. चिखलात उतरायच्या आधीच नामदेव बांधावर बसला, छातीत कळ येतेय म्हणाला, आणि खाली न्यायला गाडी मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. "शेठ, दादा गेला," एवढंच किसन बोलला. अर्ध्या तालुक्याच्या गाड्या ज्याने चालत्या ठेवल्या, त्याला स्वतःच्या वेळेला गाडी मिळू नये... दीड महिना झाला, तरी हे मला पचत नाही. मी देवाशी भांडणारा माणूस नाही, पण त्या दिवशी भांडलो.

मंचरहून घोडेगावकडे निघालं, की वस्ती संपता संपता एक स्पीडब्रेकर लागतो. त्याच्या डाव्या अंगाला नामदेवचं पत्र्याचं गॅरेज. आमची ओळख पंचवीसेक वर्षांची. तेव्हा मी पहिली जुनी पिकअप घेतली होती आणि महिन्यातून दोनदा ती ढकलत असे. आम्ही मूळचे राजस्थानातले, पण आजोबांपासून इथलेच. तरी गावाच्या तोंडी मी कायम 'शेठ'. शेठ गाडी ढकलताना बघून सगळे हसायचे, नामदेव मात्र पुढे येऊन म्हणाला, ढकलू नका, ती उभी राहू द्या. मग त्याने ती चालू केली, न्यूट्रलला ठेवली आणि सरळ चहा प्यायला बसला. मला वाटलं, बरा मिस्त्री गाठ पडला, काम सोडून चहा ढोसतोय! नंतर कळलं की तो चहा नव्हता, ती तपासणी होती. रेस न देता उभ्या गाडीचा आवाज चहा संपेपर्यंत ऐकायचा आणि मगच पान्याला हात लावायचा, ही त्याची पद्धत. एकदा मी उगाच अॅक्सिलेटर दाबला तर म्हणाला, "रेसमधी समद्याच गाड्या गोड बोलत्यात, शेठ. उभी ऱ्हायली की खरं सांगती." मालकाने मधे बोललेलं त्याला चालत नसे. मला गप्प बसवणारा तो माझ्या आयुष्यातला एकमेव माणूस, असं माझी बायको म्हणते, आणि ते खरं आहे.

त्याच नामदेवपासून मी गाडी लपवली, हे सांगायला मला आजही लाज वाटते. गेल्या उन्हाळ्यात माझी आत्ताची पिकअप थरथरायला लागली. रस्त्याला लागली की ठीक, पण उभी राहिली की सीटपासून आरशापर्यंत हुडहुडी. माझा पुतण्या पुण्यात इंजिनीअर आहे. तो म्हणाला, काका, कानाने गाड्या दुरुस्त करायचे दिवस गेले, मोठ्या वर्कशॉपमध्ये टाका. नामदेवही अलीकडे थकला होता, कामाला वेळ लावायचा. मी मोहात पडलो. त्याला न सांगता गाडी शहरात नेली. त्यांनी इंजिनात डिझेल फवारणारे चारही नोझल बदलले, कागदांची चळत दिली, गाडी धुऊन पुसून दिली. घरी येऊन उभी केली, तर हुडहुडी होती तशीच.

आता कोणत्या तोंडाने नामदेवकडे जायचं? रोज साडेदहाला मी बेणं पोचवायला घोडेगावच्या रस्त्याने जातो, आणि त्या स्पीडब्रेकरवर गाडी हळू केल्यावाचून गत्यंतर नाही. मग मी एक शक्कल लढवली. ब्रेकर आला की क्लच दाबून अशी जोरात रेस द्यायची, की थरथर त्या आवाजात बुडून जाईल. सोबत हॉर्न वाजवायचा, हात करायचा आणि पसार व्हायचं. साठीला आलेला माणूस, आणि परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखा मान खाली घालून जात होतो. तीन आठवडे हे नाटक चाललं.

चौथ्या आठवड्यात गाडी नेमकी त्या ब्रेकरवर बंद पडली. चोराच्या वाटा चोराला ठाऊक असतात, पण माझ्या गाडीला त्याही ठाऊक नव्हत्या! नामदेव हात पुसत बाहेर आला. गाडी कशीबशी चालू करून बॉनेटवर तळवा ठेवला, चहा मागवला. चहा संपल्यावर त्याने चारही नव्याकोऱ्या नोझलचे नट एकेक करून सैल केले. ज्या नटाने आवाज बदलणार नाही तो सिलेंडर आळशी, हे मला एव्हाना ठाऊक होतं. पण चारही वेळा इंजिनाने सारखाच गचका खाल्ला. चौघंही कामाला होते. नामदेव मात्र नटाखालून येणाऱ्या डिझेलकडे बघत होता. त्याला फेस येत होता. मग त्याने किसनला मेडिकलमधून सलाइनची नळी आणायला पाठवलं, फिल्टरच्या पुढे ती पारदर्शक नळी जोडली, आणि आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. डिझेलमधून बुडबुडे चालले होते, एकामागून एक. गाडी कुठूनतरी हवा ओढत होती.

कुठून, ते शोधायला त्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. दसऱ्याला मी गाडीला काळी बाहुली बांधली होती. पुतण्या हसेल म्हणून बाहेर न बांधता बॉनेटच्या आत, एका रबरी पाइपाला बारीक तारेने आवळून. तो पाइप टाकीकडून येणाऱ्या डिझेलचा होता. हादऱ्यांनी तारेने तो कापत आणला. डिझेल बाहेर गळत नव्हतं, हवा तेवढी आत जात होती. वर्कशॉपमध्ये इतक्या जणांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं, पण देवाधर्माचं काही असेल म्हणून बाहुलीला कुणी हात लावला नाही. दृष्ट लागू नये म्हणून बांधलेल्या तारेनेच दृष्ट लावली होती. वीतभर पाइप बदलला आणि गाडी शांत झाली.

मी हसलो, नामदेव हसला नाही. बाहुली माझ्या हातात देत हळूच म्हणाला, "गाडी दुसरीकडं न्या, राव, तुमची हाये. पन माज्यापून लपवत कशाला व्हता?"

आम्हा व्यापाऱ्यांच्या जिभेवर साखर असते म्हणतात. त्या वेळी 'चुकलो' एवढा एक शब्द त्या जिभेला जड झाला. मी म्हणालो, लपवतोय कुठे, रोज हॉर्न देऊन तर जातो! तो पान्यांची पेटी आवरायला लागला. त्यानंतरही मी रोज तिथून गेलो, हात केला. एकदा निवांत बसू, तेव्हा सांगू, असं म्हणत राहिलो... आणि तो आवणीला गेला. त्याच्या दहाव्याला मी मागे उभा होतो. हा माणूस माझ्याबद्दल मनात काय घेऊन गेला असेल, एवढाच विचार डोक्यात होता.

मागच्या आठवड्यात किसनने गॅरेज पुन्हा उघडलं म्हणून भेटायला गेलो. गाडी दारात लावून बाकावर बसलो. किसन एका ट्रॉलीच्या हुकाला ग्राइंडर मारत होता. साडेदहाच्या सुमाराला त्याने घड्याळाकडे पाहिलं, ग्राइंडर बंद केला आणि नुसताच उभा राहिला. मी विचारलं, लाइट गेली का?

"न्हाई," तो म्हणाला. "दादा ह्या टायमाला बंदच करायला लावायचा. म्हनायचा, शेठची गाडी जाईल आता, आइकू दे. लई वर्सांची सवय... हात आपसूक गेला बगा."

मी विचारलं, त्या तीन आठवड्यांतसुद्धा?

"तवा बी. तुमी रेस दिऊन गेला की लई हसायचा. म्हनायचा, शेठ लाजतोय, यील चार दिसांनी."

किसन तसाच उभा होता, आणि गाडी दारात असल्याचं बहुधा आत्ता त्याच्या ध्यानात आलं. मी उठलो, बाहेर जाऊन गाडी चालू केली आणि न्यूट्रलला ठेवली. रेस दिली नाही. किसन हात पुसत दारात येऊन उभा राहिला. चहा संपायला लागतो तेवढा वेळ आम्ही दोघं तिथे ऐकत थांबलो.